वाकड्या रेघेचं दशक

इनव्हिजनची डिझाइन सेवा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. घोषणा जानेवारीतच झाली होती, तरी त्या दिवशी चुटपुट लागलीच. २०११ साली निघालेल्या या सॉफ्टवेअरवर माझ्या पिढीच्या कितीतरी डिझायनरांनी प्रोटोटाइप, म्हणजे ॲपचे चालवून पाहता येणारे नमुने, करायला सुरुवात केली.

त्याआधीची वर्षं फोटोशॉपमध्ये ॲपचे पडदे (स्क्रीन) रंगवून मेलने पाठवण्यात गेली. त्या कामाला फायरवर्क्स हे सॉफ्टवेअर सोयीचं होतं. २०१३ साली त्याचा पुढचा विकास थांबला.

मनात राहिलं ते त्यानंतरचं दशक. बाल्सामिक या कच्चे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ मुद्दाम वाकडी, बटणं हाताने काढल्यासारखी. एका पतसंस्थेच्या ॲपचा तसा आराखडा मी छापून नेला होता. कॅशियर बाईंनी माझ्याच हातातलं पेन घेतलं, 'भरणा' खोडून वर घेतला आणि म्हणाल्या, "सर, लोक आधी हे विचारतात." पुढच्या खेपेला 'स्केच' या डिझाइन सॉफ्टवेअरमधले पडदे इनव्हिजनमध्ये जोडून नेले. बोट लावलं की पुढचं पान उघडायचं. बाई म्हणाल्या, "छान झालंय." बाकीच्यांनी अर्धा तास रंगावर घालवला. ॲप सुरू झालं आणि 'खात्यातील शिल्लक रक्कम' बटणात मावेना, कारण प्रोटोटाइपमध्ये मी 'बॅलन्स' एवढंच लिहिलं होतं. रेंज गेल्यावर काय दिसावं, हे तर कुणी विचारलंच नव्हतं. जोडलेल्या चित्रांत रेंज कधी जात नाही.

फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअरचे उपकार मात्र मानायलाच हवेत. स्केचला मॅक लागायचा. २०१६ पासून फिग्मा ब्राउझरमध्ये उघडू लागलं आणि साधा विंडोज लॅपटॉप असलेल्या मुलांनाही हे काम शिकता आलं. एकाच फाइलवर चौघे बसू लागले, 'फायनल_नवीन_२' नावाच्या फायली संपल्या. पण पर्यायही आटले. २०२२ साली अडोबीने फिग्मासाठी २० अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. नियामकांच्या हरकतींमुळे तो डिसेंबर २०२३ मध्ये मोडला, तोवर अडोबीच्या एक्सडी या स्वतःच्या डिझाइन सॉफ्टवेअरची वाढ थांबलेली होती.

आता एक वाक्य लिहिलं की एआय गुळगुळीत पडदा तयार करून देतं. त्यावर पेन चालवायला कुणाचा हात धजत नाही, आणि मला सलतं ते हेच. नव्या डिझायनरांना माझी विनंती आहे: पहिल्या बैठकीला कागद न्या, त्यावर खरा मराठी मजकूर लिहा आणि पेन समोरच्याच्या हातात द्या.