टाकीची वाफ कुठून निसटते?

एप्रिल लागला की साक्रीच्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास येते. "भाऊ, गाडीमा पेट्रोलना वास यी ऱ्हायना." गाडीखाली ओला डाग नाही, अॅव्हरेज उतरलेलं नाही, इंजिन कुरकुरत नाही. वास मात्र रोजचा, आणि तोही सकाळी अकरानंतर, पत्रा तापला की. डिसेंबरात याच गाडीला काही नव्हतं.

हे वर्णन नीट ऐकून घेतलं तर निम्मं काम तिथेच होतं. टाकीतून थेंब गळत असेल तर वास पहाटेही येईल. इंजेक्टरच्या बाजूला गळत असेल तर गाडी चालू केल्यावर, लाइनमध्ये दाब आल्यावर येईल. उभ्या, बंद गाडीला ऊन चढल्यावरच येणारा वास बहुतेक वेळा वाफेचा असतो. आणि वाफेची वाट पेट्रोलच्या वाटेपेक्षा वेगळी आहे. ती माहीत नसली की माणूस पंप बदलतो, इंजेक्टर बदलतो, आणि वास होता तसाच राहतो.

टाकी निपचित पडलेली नसते. पहाटे पंचवीस अंशांवर असलेली टाकी उन्हाळ्याच्या दुपारी चाळिशी ओलांडते. आतल्या रिकाम्या जागेतली हवा तापून फुगते, पण तेवढ्याने दाब सहाएक टक्केच वाढेल. खरा जोर पेट्रोलच्या वाफेचा. पेट्रोल किती उडतं हे ३७.८ अंश सेल्सिअसला मोजण्याची पद्धत आहे, आणि त्या तापमानाला त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास असतो. आपल्याकडे मे महिन्यात हे तापमान दुपारच्या जेवणाआधीच मागे पडतं. दिवस मावळला की उलटं होतं. टाकी गार होते, वाफ आकसते आणि टाकी बाहेरची हवा आत ओढते. दिवसा ती श्वास सोडते, रात्री घेते.

पूर्वी हा श्वास सरळ हवेत जायचा. कॅलिफोर्नियाने १९७० च्या गाड्यांपासून तो अडवायला लावला, उरलेल्या अमेरिकेत १९७१ पासून. कारण साधं होतं. पेट्रोलची वाफ, धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कडक ऊन हे तिघं एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो छातीला त्रास देतो. यातल्या तिसऱ्याची खानदेशात कमतरता नाही. शिवाय आपल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं, आणि बेंझिनने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. मागच्या सीटवर लेकरं झोपलेली असतात. म्हणून 'थोडाच वास आहे, चालून जाईल' हे वाक्य मला सहन होत नाही.

वाफ अडवायची यंत्रणा तशी साधी आहे. टाकीच्या माथ्यावरून एक नळी निघते आणि कोळशाच्या डब्यात जाते. त्याला गॅरेजात कॅनिस्टर म्हणतात. आतला कोळसा चुलीतला नव्हे, सक्रिय केलेला, म्हणजे सूक्ष्म छिद्रांनी भरलेला. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान! वाफ त्या रानात चिकटून बसते. डब्याचं दुसरं तोंड मोकळ्या हवेकडे उघडं असतं, तिथून फक्त स्वच्छ हवा ये-जा करते. तिसरी नळी इंजिनकडे जाते आणि तिच्यावर एक विजेची झडप असते, पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन गरम झालं की गाडीचा कॉम्प्युटर ती झडप टकटक उघडतो, इंजिन डब्यातून हवा ओढतं आणि कोळशाला चिकटलेली वाफ त्या हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाऊन जळते. कोळसा रिकामा, पुढच्या दुपारसाठी तयार. टाकी, झाकण, नळ्या, डबा आणि झडप, बस एवढंच. गळती यातल्याच कुठल्यातरी सांध्यावर असते.

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेतल्या गाड्या ही गळती स्वतः शोधतात. गाडी बंद झाल्यावर कॉम्प्युटर सगळी तोंडं बंद करतो, दाब कसा चढतो-उतरतो ते पाहतो, आणि अर्धा मिलिमीटरचं, म्हणजे बारीक सुईच्या जाडीचं भोक असलं तरी डॅशबोर्डवर दिवा लावतो. स्कॅनरवर पी ०४५६ आला तर अगदी बारीक गळती, पी ०४४२ म्हणजे लहान, पी ०४५५ म्हणजे मोठी. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ या कोडपासून सुरू होतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, पण आपला नियम युरोपच्या वळणावर आहे. पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली तर दिवा लागेल, नळीला भोक पडलं तर तो लागेलच असं नाही. वाफेचं मोजमाप गाडी बाजारात येण्याआधी होतं. पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेसारख्या ठिकाणी गाडी हवाबंद खोलीत कोंडतात, खोली तापवतात आणि हवेत किती वाफ जमली ते पाहतात. मर्यादा एका चाचणीला २ ग्रॅम. एकदा गाडी रस्त्यावर आली की कोणी विचारत नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, टाकीकडे बघतही नाही. म्हणून स्कॅनरवर 'नो फॉल्ट' आला म्हणजे यंत्रणा शाबूत आहे असा अर्थ इथे काढू नये. नाक, कान आणि हात यांनीच काम करायचं आहे.

माझ्यासमोर तपासलेली एक गाडी सांगतो. मालक शेतकरी, गाडी रात्री कांद्याच्या चाळीशेजारी उभी राहायची. दुसऱ्या गावात कोणीतरी इंजेक्टर बदलून दिले होते, वास तसाच. गॅरेजातल्या मेस्त्रींनी आधी काहीच उघडलं नाही, फक्त विचारलं, "टाकी फुल केल्यावर वास वाढतो का? पेट्रोल भरल्या भरल्या गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते का? झाकण उघडताना फुस्स होतं का?"

हे तीन प्रश्न फार कामाचे आहेत. भरल्यानंतर लगेच स्टार्ट होत नसेल तर संशय पर्ज व्हॉल्व्हवर, तो उघडाच अडकला असेल; भरताना टाकीतून हाकललेली वाफ इंजिनमध्ये जाते आणि मिश्रण बिघडतं. झाकण उघडताना हवा जोरात आत ओढली गेली, किंवा पंपावर नोझल सारखं बंद पडत असेल, तर डब्याचं हवेकडचं तोंड तुंबलं आहे. आपल्याकडे तिथे धूळ बसते, कुंभारीण माशी चिखलाचं घर करते. हे हसण्यावारी नेऊ नका. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेत सुमारे ५० हजार गाड्या परत मागवल्या होत्या, कारण याच तोंडाच्या नळीत एका जातीचे कोळी जाळं विणत होते आणि टाकीला तडा जायची भीती होती.

पहिला प्रश्न आपल्या सवयीचा आहे. नोझल आपोआप बंद झाल्यावरही 'राउंड फिगर करा' म्हणून आणखी पेट्रोल कोंबलं जातं. तेवढी रिकामी जागा वाफेसाठी राखलेली असते. ती भरली की वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा भिजतो, त्याचा चुरा होतो आणि तो चुरा पुढे जाऊन पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतो. नोझलने एकदा टक्‌ केलं की थांबावं, रक्कम कितीही अडनिडी असो.

या गाडीत तिन्ही उत्तरं 'नाही' आली. मग झाकण. रबरी वायसर बोटाने फिरवून पाहिला, तडा नव्हता. झाकणाबाबत एक सांगून ठेवतो, हरवलं तर कुठलंही बसणारं झाकण लावू नका. मूळ झाकणात आत हवा घेणारी छोटी झडप असते, ती नसेल तर वेळप्रसंगी टाकी आत चेपते. नंतर पर्ज व्हॉल्व्ह. वायर काढलेली असताना त्यातून हवा जाता कामा नये. १२ व्होल्ट दिले की टक्‌ आवाज होऊन ती गेली पाहिजे. रबरी पंपाने तपासलं, झडप चांगली होती. तोंडाने फुंकू नका, ती वाफ छातीत घेण्यासारखी नाही.

उरल्या नळ्या. शहरातली गॅरेजं इथे स्मोक मशीन लावतात. तेलाचा पांढरा धूर अगदी हलक्या दाबाने यंत्रणेत सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बॅटरीच्या झोतात पाहायचं. मशीन चांगलं आहे, पण घरी बनवलेलं, आत तापलेली तार असलेलं आणि साधी हवा ढकलणारं मशीन पेट्रोलच्या टाकीला जोडणं म्हणजे आगीशी खेळ. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर मुळीच नको. टायरमध्ये तीसेक पीएसआय असतो, इथे अर्धा पुरे.

आमच्या मेस्त्रींकडे मशीन नव्हतं. त्यांनी गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणली, इंग्रजी यू सारखी वाकवून फळीला बांधली, निम्मी पाण्याने भरली. वाफेच्या नळीला एक टी-जोड दिला, एका तोंडाला ही नळी, दुसऱ्याला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा. डब्याचं हवेचं तोंड आणि पर्जची नळी बंद केली. मग फुगा हळूहळू दाबत दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक वीतभर फरक आणला. पस्तीस सेंटिमीटर पाणी म्हणजे अर्धा पीएसआय, त्याहून कमीच. पेनने खूण केली आणि सगळे गप्प बसले. हे काम सकाळी सातला, सावलीत आणि थंड गाडीवर चाललं होतं. ऊन लागलं असतं तर वाफ स्वतःच पाणी वर ढकलत राहिली असती आणि गळती झाकली गेली असती. बॅटरीची तार काढलेली, आणि गाडी खड्ड्यावर नाही तर उघड्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते, ती खड्ड्यात साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

पाणी उतरू लागलं. अर्ध्या मिनिटात दोन बोटं. मेस्त्रींनी कॅनिस्टरकडची नळी चिमट्याने आवळली, पुन्हा दाब दिला. पाणी तरीही उतरलं. म्हणजे गळती टाकीच्या बाजूला. मग त्यांनी साबणाचा फेस ब्रशने एकेका सांध्यावर लावला, पंक्चरवाला पाण्यात ट्यूब पाहतो तसा. टाकीच्या माथ्यावर, वरून हात जेमतेम पोहोचतो तिथे, फेसाचा एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. नळी बाहेर काढली तर रबरावर शेजारी शेजारी दोन बारीक खाचा. उंदराचे दात. चाळीतला कांदा त्याला नको होता, टाकीवरची उबदार जागा हवी होती.

टेप गुंडाळायचा मोह तिथे होतो, आणि इथेच बरेच जण चुकतात. साधा टेप पेट्रोलच्या वाफेत सुटतो. पाण्याची किंवा बागेची नळीही चालत नाही, ती काही महिन्यांत कडक होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून तर योग्य रबराचा आग्रह धरायलाच हवा. इंधनाच्या वाफेसाठीची, त्याच मापाची नळी आणि नवे क्लिप लावायचे. दुचाकीवाल्यांनाही हेच. बीएस-४ पासून मोटारसायकलींनाही हा डबा येतो, आणि 'कटकट नको' म्हणून तो काढून टाकीची नळी बुजवली तर हवा आत जात नाही आणि गाडी वाटेत बंद पडते.

नवी नळी बसवून मेस्त्रींनी पुन्हा फुगा दाबला, खुणेपर्यंत पाणी आणलं आणि हात पुसत चहा मागवला. चहा येऊन, पिऊन झाला तरी कोणी उठलं नाही. ऊन अजून गाडीपर्यंत पोहोचलं नव्हतं, आणि पाणी पेनच्या रेघेवर होतं.