चौथी पाळी

पहाटे चारच्या सुमाराला चाळीच्या नळाला पाणी यायचं. मजल्यावर नळ एकच, त्यामुळं हंडे-कळश्या आदल्या रात्रीच रांगेत मांडलेल्या असायच्या. आमची भांडी इतरांपेक्षा जास्त, त्यावरून रोज कुणीतरी कुरकुरायचं. आई उत्तर देत नसे. आपलं पिंप भरलं की कुरकुरणारीच्याच दारात एक भरलेला हंडा नेऊन ठेवायची. भांडण तिथंच मिटायचं.

हे सत्तरच्या दशकातलं लालबाग. दहा बाय बाराची खोली आणि तीत तीस-पस्तीस माणसांची खाणावळ. वडील गिरणीत बदली कामगार. सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी. तेवढ्यावर भागत नव्हतं. आईनं आधी जेवायला घातलं ते सख्ख्या भावाला. मामा साचेखात्यात होता. त्यानं आपल्या खोलीतला एक गडी आणला, त्या गड्यानं पाटणकडचे आणखी दोन. मामाची ताई ती सगळ्यांची ताई झाली. मिशा पिकलेले जॉबरही तिला ताईच म्हणायचे आणि तीही त्यांना खुशाल अरेतुरे करायची.

पाच वाजता तवा चढायचा. दोन स्टोव्ह आणि एक शेगडी. रेशनचं रॉकेल महिनाभर पुरत नसे, म्हणून भाकऱ्या कोळशावर. ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळून ती परातीत थापायची. काठ जाड राहिला तर भाकरी फुगत नाही, म्हणून बोटं सतत काठावर फिरत असायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. सुकलं तर भेगा पडतात. मग तवा बाजूला सारून भाकरी निखाऱ्याला लावायची. घाटावरच्यांना हे लागे. कोकणातल्यांना भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नसे. त्यामुळं भाताचं पातेलं वेगळं आणि पोटभर म्हणजे किती, याचे हिशेबही वेगळे.

सातला भोंगा. पहिली पाळी आत जायची, रात्रपाळीची माणसं बाहेर पडायची. ही माणसं केसांत कापसाचे तंतू घेऊन यायची, मुकाट जेवायची आणि खोलीवर जाऊन झोपायची. खोली म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेली. एकाच्या वळकटीची घडी व्हायच्या आत दुसरा तिच्यावर आडवा व्हायचा. पाळ्या होत्या म्हणूनच तेवढ्या जागेत तेवढी माणसं मावत होती. अशा खोलीत चूल पेटवणार कोण आणि कधी? गिरणगावातल्या बायकांच्या खाणावळी यातून उभ्या राहिल्या. गिरण्यांच्या इतिहासात साचे मोजलेत, चात्या मोजल्यात. चुली मोजायचं मात्र कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

दहाच्या पुढं डबे. माझी शाळा दुपारची, म्हणून गेटवर डबे पोचवायचं काम माझं. डब्यांवर नाव नसायचं. कडीला बांधलेल्या चिंधीच्या रंगावरून ते ओळखायचे, कारण आईला अक्षरांपेक्षा रंगांचा भरवसा जास्त. ती स्वतः तेवढ्यात बाजार उरकायची. मासळीला मुद्दाम उशिरा जायची. कोळणीला घरी जायची घाई झाली की भाव उतरतो.

दुपारी दोनला ती जेवायची. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उरलेलं खायची, उभ्यानं.

साडेतीनला पुन्हा पाळी बदलायची, पुन्हा पंगत. ती उठली की वही निघायची. उधारीच्या वहीत अक्षर माझं आणि हिशेब तिचा. ‘सांगलीवाला, दोन खाडे, लग्नाला गेलता, ते वजा कर’ असं ती तोंडपाठ सांगायची. माणसं पगार झाला की पैसे देणार, वाणी मात्र पंधरवड्यालाच तगादा लावणार. मधल्या दिवसांत तिची पुतळ्यांची माळ सावकाराकडं जायची. ती गळ्यात दिसली की महिना नुकताच सुरू झालाय, हे आम्हा पोरांनाही कळायचं.

1975 मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गोवा मुक्तिलढ्यातून आलेली, कामगार चळवळीत मुरलेली ही बाई. खाणावळवाल्यांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, हे त्यांचं काम. तारण म्हणून दागिना नको, एकीला दुसरीची हमी. आई बँकेत गेली ती नवं लुगडं नेसून. परत आल्यावर म्हणाली, “सायबानं मला बसायला खुर्ची दिली.” व्याजाचा दर मीच विचारला, तेव्हा सांगितला.

संध्याकाळी मसाला कांडून आणणं, कांदे चिरणं, सातनंतरची जेवणं. भाऊबीजेला मात्र या वेळेला खोलीत पाय ठेवायला जागा नसे. जे गावी गेले नाहीत ते सगळे ओवाळून घ्यायला यायचे. तबकात रुपया-दोन रुपये पडायचे. एका थकबाकीदारानं विचारलं, “ताई, भावाकडनं उधारी घेतात व्हय?” आई म्हणाली, “घेत्यात. पण वोवाळल्यावर.”

रात्री बाराला दुसरी पाळी सुटायची आणि शेवटची पंगत बसायची. गिरणीला तीन पाळ्या. आईची चौथी, ती तिन्हींवर पसरलेली. साडेबाराला मटकी भिजत घालून ती आडवी व्हायची.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आधी आईनं सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. पुढं एकेक जण गावी निघाला. जाताना वाकून पाया पडायचे, वहीचं नाव कुणी काढत नसे. काहींनी पुढं एसटीनं तांदूळ, गुळाच्या ढेपा पाठवल्या. काहींनी काहीच नाही. मामाही गेला आणि गावीच राहिला. संपाच्या पुस्तकांत या बायकांच्या बुडालेल्या उधारीचा आकडा मी शोधत असतो. तो अजून दिसलेला नाही.

आईनं मग फोर्टातल्या ऑफिसांचे डबे धरले. तिथं भाकरी चालत नव्हती, घडीच्या पोळ्या हव्या होत्या. त्या ती पन्नाशीला शेजारणीकडून शिकली. पहिल्या दिवशीचे रिकामे डबे घासताना तिनं एकात उरलेली पोळी पाहिली आणि मला हाक मारून विचारलं, “ह्यांचं तीन पोळ्यांत भागतं, मग पगार कशाचा घेत्यात रं?”