चुन्याच्या भट्टीचे समीकरण

भट्टीत १०० किलोग्रॅम शुद्ध चुनखडी पुरती भाजली, तर हाती ५६ किलोग्रॅमच चुनकळी येते. उरलेले ४४ किलोग्रॅम गेले कोठे? समीकरण त्याचा हिशेब देते :

कॅल्शियम कार्बोनेट (१००) → कॅल्शियम ऑक्साइड (५६) + कार्बन डाय-ऑक्साइड (४४)

हा वायू डोळ्यांस दिसत नाही, त्यास वासही नाही. परंतु नेहमीच्या तापमानास तो सुमारे २४ घनमीटर जागा, म्हणजे एक लहानशी खोली, व्यापतो. निवल्यावर तो हवेहून जड असल्यामुळे भट्टीजवळच्या खोलगट जागी साचतो. उबेसाठी अशा ठिकाणी निजलेली माणसे गुदमरून मेल्याची उदाहरणे आहेत. इंधनातून निघणारे वायू आणखी निराळेच!

चुनकळीवर पाणी घातले, की तिचे ५६ भाग १८ भाग पाणी सामावून घेतात व ७४ भाग विरलेला चुना तयार होतो. त्या वेळी पाणी उकळू लागेल इतकी उष्णता बाहेर पडते. तेव्हा डोळे जपावेत. भिंतीस लिंपलेला हा चुना पुढे हवेतून ४४ भाग कार्बन डाय-ऑक्साइड सावकाश परत घेतो, १८ भाग पाणी सोडतो, आणि त्याचे पुन्हा १०० भाग कॅल्शियम कार्बोनेट होते. गिलावा महिनोन्महिने कठीण होत जातो, तो यामुळेच.