वाचलंत? मग आता वाद घालू या!

विभावरी शिरूरकर कोण? १९३३ साली मराठी वाचकांना या प्रश्नानं अगदी हैराण केलं होतं. ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह आला होता. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या, लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलींच्या मनात काय चालतं, ते त्यात आडपडदा न ठेवता लिहिलेलं होतं. या नावाची बाई कुणालाच माहीत नव्हती. ही खरंच बाई आहे, की बाईच्या नावाआडून लिहिणारा कुणी पुरुष, इथपासून तर्क सुरू झाले. निषेध झाले, टीकेची राळ उडाली आणि पुस्तक घरोघरी चर्चेला आलं. त्या विभावरी म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्यांचे यजमान विश्राम बेडेकर यांनी १९३९ मध्ये ‘रणांगण’ लिहिली. एकाच घरातल्या दोघांच्या या पुस्तकांवर मराठी वाचक आजही हिरीरीनं बोलतो.

आपल्या वाचकाची हीच गोष्ट मला मनापासून आवडते. पुस्तक मिटलं की त्याचं तोंड उघडतं. पटलं तर दहा जणांना वाचायला लावतो, नाही पटलं तर दहा जणांशी भांडतो. मराठीतली कितीतरी पुस्तकं टिकली ती अशा बोलण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

यमूचं दुःख, हरिभाऊंची लेखणी

विभावरींच्या आधी चाळीसेक वर्षं नेमकी उलटी गंमत झाली होती. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी यमू स्वतःच्या तोंडानं सांगते. बालपण, सासर, वैधव्य, सगळं तिच्याच शब्दांत येतं. लिहिणारे मात्र हरिभाऊ आपटे! १८९० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः आली. म्हणजे वाचकाला यमूची कहाणी थोडी थोडी मिळायची आणि पुढच्या अंकापर्यंत तिचं काय होणार याची काळजी करायला भरपूर सवड असायची.

एक वर्ष, दोन महाभारतं

१९६७ हे साल वादप्रेमी वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ त्या वर्षी आली आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही त्याच वर्षी. दोन्ही पुस्तकं महाभारतावरची, पण दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या. सावंतांनी कर्णाची कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितली. वाचक त्या सूर्यपुत्राच्या असा प्रेमात पडला, की अर्जुनाची बाजू घेणाऱ्याची घरात पंचाईत व्हावी. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी भीष्मापासून द्रौपदीपर्यंत एकेकाला माणूस म्हणून समोर बसवलं आणि त्यांच्या चुकांचा सरळ हिशेब मांडला. कर्णालाही सूट दिली नाही.

हा सामना घरात खेळून पाहण्यासारखा आहे. एकाला ‘मृत्युंजय’ द्या, दुसऱ्याला ‘युगान्त’. दोघांचं वाचून झालं की जेवणाच्या ताटावर फक्त इतकंच विचारा, “द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या वेळी कर्ण जे बोलला, त्याचं काय?” आमटी गार होते. आई म्हणते, “अहो, आधी जेवून घ्या.” आणि एवढा वेळ गप्प बसलेले आजोबा अचानक शल्यपर्वात शिरतात. दोन्ही बाजूंना दुसऱ्याचं पुस्तक उघडून पान दाखवावं लागतं. सहा दशकं होत आली, तरी निकाल लागलेला नाही.

‘आहे मनोहर तरी’ आणि दुभंगलेले वाचक

१९९० साली सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि महाराष्ट्रात उभे दोन तट पडले. अवघ्या मराठी मुलखाचे लाडके पु.ल. हयात होते, लिहीत होते. अशा वेळी त्यांच्या पत्नीनं नवरा म्हणून ते कसे आहेत, संसारात कुठे कमी पडतात, हे आपल्या नावानं लिहिलं होतं. “घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं का?” म्हणणारे होते. “तिनं लिहायचं नाही तर कुणी?” म्हणणाऱ्याही होत्या. मी दुसऱ्या बाजूची. सुनीताबाई त्यात स्वतःलाही तेवढ्याच कठोरपणे तपासतात, आणि पुस्तकाची खरी ताकद तिथे आहे. न वाचता मत देणाऱ्यांनी नेमका हाच भाग गमावला.

सुनीताबाईंचं नाव निघालं की कथाकार जी. ए. कुलकर्णी ओघानं आलेच. धारवाडला राहणारे, सभा-समारंभांपासून लांब राहणारे जी.ए. पत्रांत मात्र मनसोक्त बोलत. आपण वाचलेल्या पुस्तकांबद्दल त्यांनी सुनीताबाईंना आणि इतरांना इतकं लिहिलं, की त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले. ‘सध्या काय वाचावं?’ असा प्रश्न पडला असेल तर ते खंड घ्या, तुमची यादी वर्षभर पुरेल.

होळी, कोर्ट आणि एक नायक

पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली. काहींना तिचा नायक पांडुरंग सांगवीकर हा आपल्याच खोलीत राहणारा वाटला, तर काहींना ही कादंबरी आहे हेच मान्य नव्हतं. हा वाद अजून वसतिगृहांत ऐकू येतो, नेमाड्यांना २०१४ चं ज्ञानपीठ मिळाल्यानंतरही.

१९६९ मध्ये तर काही तरुण लेखक-कवींनी ‘सत्यकथे’चीच होळी केली. राजा ढाले त्यांत आघाडीवर होते. प्रतिष्ठित मासिकाबद्दलचं मत इतक्या प्रखरपणे मराठीत क्वचितच कुणी नोंदवलं असेल. त्याच वर्षी एका दिवाळी अंकातल्या कथेचा निवाडा दिल्लीत झाला. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली होती. ती अश्लील आहे, अशी तक्रार एका वाचकानं केली. खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्तींनाही एका मराठी कथेबद्दल मत द्यावं लागलं आणि लेखक निर्दोष सुटले.

बलुतं : लेखकापुढे लेखकच

सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ उभी राहिली ती वाचक चळवळ म्हणूनच. पुस्तक वाचकापर्यंत परवडेल अशा किमतीत पोचवायचं आणि त्यावर बोलायलाही लावायचं, अशी ती धडपड होती. १९७८ साली त्यांनी दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे एकच माणूस दोन नावांनी समोरासमोर बसतो. महारवाड्यातलं जगणं इतक्या जवळून पाहून पांढरपेशा वाचक हादरला. आपल्या माणसांचं दुःख असं उघड्यावर का मांडलं, असं काही दलित वाचकांनीही रागानं विचारलं. दोन्हीकडून उत्तरं मागितली गेली आणि ‘बलुतं’ वाचलं जात राहिलं. दोनच वर्षांनी ‘ग्रंथाली’नं लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आणलं.

मत न बोलताही देता येतं

कुठल्याही जुन्या वाचनालयातलं पुस्तक घ्या. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, म्हणजे आपल्याकडे जुन्या वाचनालयांना तोटा नाही. शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची पट्टी चिकटवलेली असते. शिक्के एकमेकांवर चढलेले, पट्टीवर पट्टी डकवलेली दिसली, तर पुस्तक खुशाल घरी न्यावं. कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं ‘खोटं!’ असं लिहिलेलं असतं आणि खाली दुसऱ्या अक्षरात ‘तुम्हाला काय माहीत?’ असतं. पुस्तकावर लिहू नये हे खरं, पण मी ती भांडणं आवडीनं वाचते.

ज्यांना शिस्तीत मत द्यायचं असतं, त्यांच्यासाठी ‘ललित’ मासिक आहे. १९६४ पासून निघणाऱ्या या मासिकात ‘चोखंदळ वाचकांची निवड’ छापली जाते. तिथे पुस्तकांची निवड वाचक करतात.

पेटीतली पुस्तकं

२०१७ मध्ये पाचगणीजवळचं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. स्ट्रॉबेरीच्या या गावात लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या. एका घरात इतिहास, दुसऱ्यात बालसाहित्य, तिसऱ्यात कथा. दार उघडं, वाचन फुकट. पुण्यात पुस्तक महोत्सवाच्या निमित्तानं ‘शांतता... पुणेकर वाचत आहेत’ हा तासाभराचा कार्यक्रम झाला. तासभर पुणेकरांना मत न देता वाचायला सांगणं ही मोठीच मागणी होती, आणि लोकांनी ती आनंदानं पाळली.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’. २००९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पुस्तकांनी भरलेली पेटी एका वाचकाच्या घरी येते. आसपासची तीस-पस्तीस माणसं त्यातली पुस्तकं नेतात, आणतात. काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे जाते आणि नवी येते. पेट्या दुबईला आणि त्याहीपलीकडे पोचल्या. परदेशात मराठी पुस्तक सहजासहजी मिळत नाही, तिथे पेटी सांभाळणाऱ्या घरी शनिवार-रविवारी माणसं पुस्तक बदलायला येतात आणि दोन-दोन तास बसून राहतात, कारण मागचं पुस्तक कसं वाटलं हे सांगितल्याशिवाय पुढचं हातात घेववत नाही.