काळ्या ऑइलची ऊब

गाडीचं ऑइल बदललं की निघालेलं काळं ऑइल जातं कुठे? आपल्यापैकी बहुतेक जण अर्ध्या तासात ऑइल बदलून देणाऱ्या दुकानात जातात, तिथली फुकटची कॉफी पितात आणि बिल देऊन बाहेर पडतात. काही हौशी मंडळी शनिवारी सकाळी स्वतःच गाडीखाली शिरतात आणि निघालेलं ऑइल दुधाच्या रिकाम्या जगमध्ये भरून गराजच्या कोपऱ्यात ठेवतात. तिकडे भारतात आपल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही. फिटर ते डब्यात ओतून ठेवायचा आणि मग शटरिंगच्या फळ्यांना, गंजक्या बोल्टांना, वाळवी लागलेल्या चौकटीला, कुठे ना कुठे ते लागायचंच.

इकडे थंडीच्या प्रदेशात या ऑइलचा आणखी एक उपयोग आहे. गाड्या दुरुस्त करणारी अनेक वर्कशॉप्स हिवाळ्यात तेच ऑइल जाळून ऊब मिळवतात. कंबश्चन, म्हणजे ज्वलन, हा आमचा एम.एस.चा विषय. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत किंवा संक्रांतीच्या जेवणात कोणी ना कोणी आम्हाला बाजूला घेऊन याबद्दल विचारतंच. विचारणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांनी इथे स्वतःचं वर्कशॉप घेतलंय आणि हीटिंगच्या बिलानं जे हैराण झालेत. दुसरे, ज्यांनी जुन्या पिंपाला पाइप जोडून केलेल्या शेगडीचा व्हिडिओ पाहिलाय आणि घरच्या गराजमध्ये तसं काही करावं असं ज्यांच्या मनात आलंय. पहिल्यांना आमचं उत्तर असतं, "हो, पण..." दुसऱ्यांना सरळ, "नाही." दोन्ही उत्तरांमागची कारणं एकदा नीट लिहून काढावीत, म्हणून हा लेख.

स्टो, फ्लिटचा पंप आणि बर्नर

जुनं मोटर ऑइल हे इंधन म्हणून मुळीच कमअस्सल नाही. एका गॅलनमध्ये साधारण १ लाख ४० हजार बीटीयू उष्णता असते. म्हणजे घराच्या फर्नेसमध्ये जाळायच्या हीटिंग ऑइलइतकीच. प्रोपेनच्या एका गॅलनमध्ये जेमतेम ९१ हजार बीटीयू असतात. अडचण उष्णतेची नाही, ते नीट पेटवण्याची आहे.

आपल्या आजीचा पितळी पंपाचा स्टो आठवा. आधी काकड्यानं बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ व्हायची आणि ती वाफ निळ्या ज्योतीनं जळायची. मोटर ऑइल त्या स्टोत चालणार नाही. रॉकेल साधारण १५० ते ३०० अंश सेल्सियसमध्ये उकळतं. मोटर ऑइल त्याच्याही वरच्या तापमानाला उकळतं आणि तिथवर नेता नेता त्याचा काही भाग जळून कोळसा होतो. रॉकेलच्या स्टोला अधूनमधून पिन मारावी लागायची. इथे पिनेनं भागणार नाही, नळीच बुजेल.

म्हणून खास बर्नरमध्ये वेगळी युक्ती असते. ढेकणांवर फ्लिट मारायचा पंप ज्यांनी पाहिलाय त्यांना ती लगेच कळेल. त्या पंपात जोरानं निघालेली हवा खालच्या डब्यातलं औषध वर ओढून घ्यायची आणि त्याचा बारीक फवारा व्हायचा. या बर्नरचं नॉझलही तसंच चालतं. ऑइल आधी हीटरनं तापवून पातळ करायचं, मोजून पुढे पाठवायचं आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं त्याचा धुक्यासारखा फवारा करायचा. थेंब जितका बारीक तितका हवेशी त्याचा संबंध जास्त, आणि तितकं ज्वलन पूर्ण. थेंब मोठा राहिला की आतला भाग अर्धवट जळतो. मग काजळी, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड.

ऑइल तापवायचं कारण आणखी एक आहे. वर्कशॉपच्या पिंपात सगळ्या तऱ्हेचं ऑइल एकत्र असतं. कुठलं पातळ, कुठलं जाड, कुठलं ट्रान्समिशनचं. साध्या हीटिंग ऑइलच्या बर्नरला एकाच जातीचं, स्वच्छ, पातळ इंधन लागतं. त्यात हे ऑइल घातलं तर नॉझल बुजेल किंवा ज्योत वेडीवाकडी होईल. म्हणून "आहे त्याच फर्नेसमध्ये थोडं थोडं मिसळून घालू" हा विचार कोणी करू नये.

यंत्राची राखणदारी

चांगल्या यंत्रात ज्योतीवर नजर ठेवणारा एक डोळा असतो. ज्योत पेटली नाही किंवा मध्येच विझली, तर काही सेकंदांत ऑइलचा पुरवठा बंद होतो. मग तांबडं बटण दाबून पुन्हा सुरू करावं लागतं. इथे एक धोका आहे. यंत्र का बंद पडलं हे न बघता चार-पाच वेळा बटण दाबत राहिलं, तर प्रत्येक वेळी थोडं ऑइल आत साठतं आणि शेवटी एकदम पेटलं की भडका उडून धुराड्याचा पाइप निखळू शकतो. एकदा दाबून सुरू झालं नाही तर मेकॅनिकला बोलवायचं, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

धुराडं सरळ, उंच आणि घराबाहेर जाणारं हवं. वर्कशॉपमध्ये रंगकामासाठी मोठे एक्झॉस्ट फॅन असतात. दारं बंद करून ते चालू केले की आतली हवा कमी पडते आणि धुराड्यातला वायू उलटा आत येतो. त्यासाठी बाहेरची हवा आत यायला स्वतंत्र वाट ठेवावी लागते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजेच.

जाळून झाल्यावर राख उरते. मोटर ऑइलमध्ये झीज कमी करण्यासाठी झिंकचं संयुग घातलेलं असतं, मळ धरून ठेवण्यासाठी कॅल्शियमचं. शिवाय इंजिन झिजून आलेले धातूचे कण. यातलं काही जळत नाही. काही भाग आत राख होऊन बसतो आणि काही धुराड्यातून बाहेर जातो. आतला थर वाढला की उष्णता खोलीत यायच्या ऐवजी धुराड्यातून निघून जाते. त्यामुळे हिवाळ्यात अधूनमधून ठरलेल्या वेळी यंत्र उघडून साफ करावंच लागतं. तेही मास्क घालून. आणि ती राख थेट कचऱ्यात न टाकता तपासून घेऊन.

पूर्वी या राखेत शिसं पुष्कळ असायचं, कारण पेट्रोलमध्येच शिसं असे. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असं पेट्रोल विकायला बंदी आली. तेव्हापासून ही काळजी खूप कमी झाली, संपली मात्र नाही.

एका स्नेह्याचा हिशेब

आमच्या एका स्नेह्यानं मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावात वर्कशॉप घेतलं. गावात नैसर्गिक गॅसची लाइन नाही, प्रोपेनचा टँकर येतो. तो आम्हाला म्हणाला, "दरमहा पैसे देऊन प्रोपेन आणतो आणि मागच्या दारानं तितकंच चांगलं इंधन टँकरवाल्याला देऊन टाकतो. हे कसलं शहाणपण?" आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

दिवसाला सरासरी १० गाड्यांचं ऑइल बदलतात. एका गाडीचं सव्वा गॅलन धरलं तर रोजचं साडेबारा गॅलन. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला ३,७५० गॅलन. तासाला दीड लाख बीटीयूचं यंत्र बसवलं तर ते तासाला एक गॅलनहून किंचित जास्त ऑइल खातं. हिवाळ्याचे १५० दिवस, रोज सरासरी आठ तास, म्हणजे १,२०० तास. त्याला साधारण १,३०० गॅलन ऑइल पुरेल. तितक्याच उष्णतेला प्रोपेन लागलं असतं सुमारे २,००० गॅलन. भाव ज्यानं त्यानं आपल्या बिलावरून घालावा. त्यातून यंत्राची किंमत, धुराडं, टाकी, सफाई आणि दुरुस्ती वजा करावी. याच्या वर्कशॉपला ते परवडत होतं.

पण ज्यांच्याकडे दिवसाला दोनच गाड्या येतात, त्यांच्याकडे वर्षाला ७५० गॅलनच जमतं. अर्ध्या हिवाळ्यातच टाकी रिकामी. आणि दाराशी गॅसची लाइन असेल तर बचत इतकी घटते की या खटाटोपाचा विचार दोनदा करावा.

खरी परीक्षा पिंपाची

यंत्र बसवणं सोपं. अवघड आहे पिंप स्वच्छ ठेवणं.

पिंपात काय काय जाऊ शकतं? पाणी तळाला बसतं आणि ज्योत विझवतं. कूलंटमुळे फिल्टर बुजतो. पेट्रोल मिसळलं तर ऑइल फार कमी तापमानाला पेट घ्यायला लागतं आणि टाकीच धोक्याची होते. सगळ्यात वाईट म्हणजे क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर. तो जळला की आम्ल तयार होतं. ते यंत्राचं लोखंड खातंच, पण धुरातून बाहेर पडून माणसाच्या फुफ्फुसालाही सोडत नाही. डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही त्यातून तयार होऊ शकतात.

म्हणून कायदाही पिंपाकडेच बघतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं १९९२ मध्ये जुन्या ऑइलचे नियम केले. त्यानुसार वर्कशॉपनं असं ऑइल आपल्याच जागेत हीटरमध्ये जाळायला हरकत नाही, पण तीन अटी आहेत. ऑइल स्वतःच्या कामातून निघालेलं हवं किंवा घरी ऑइल बदलणाऱ्या लोकांनी आणून दिलेलं. यंत्र तासाला ५ लाख बीटीयूपेक्षा मोठं नको. आणि धूर इमारतीबाहेर सोडलेला हवा. पिंपावर 'यूज्ड ऑइल' ही अक्षरं स्पष्ट लिहिलेली असली पाहिजेत. ऑइलमध्ये दहा लाख भागांत १,००० हून जास्त हॅलोजन, म्हणजे क्लोरीन आणि त्याचे भाऊबंद, सापडले तर त्यात घातक कचरा मिसळलाय असं गृहीत धरतात. तसं नाही हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. राज्याचे, काउंटीचे आणि फायर मार्शलचे नियम याहून कडक असू शकतात, ते आधी विचारावेत.

एकदा आम्ही त्या स्नेह्याकडे असताना शेजारच्या गावातल्या दुसऱ्या वर्कशॉपचा माणूस आला. ट्रकमध्ये ऑइलचं भरलेलं पिंप. "फुकट घ्या," म्हणाला. जानेवारीचा महिना, बाहेर गोठवणारी थंडी, टाकी निम्म्यावर आलेली. स्नेह्यानं शांतपणे नाही म्हटलं. दुसऱ्या धंद्याचं ऑइल घेणं नियमात बसत नाही हे एक. आणि त्या पिंपात कोणी काय ओतलंय हे त्याला कसं कळणार? त्याच्याकडे त्या छताखाली सहा माणसं दिवसभर काम करतात. यंत्रावर त्यानं जितका खर्च केला त्याहून त्या एका 'नाही'ची किंमत आम्हाला जास्त वाटते.

इंग्लंडमध्ये याबाबत वेगळा निर्णय झाला. २०१६ पासून तिथे वर्कशॉपमधल्या अशा छोट्या बर्नरना कचरा जाळणाऱ्या भट्टीचे नियम लागू झाले. छोट्या धंद्याला ते पाळणं परवडण्यासारखं नाही. तेव्हा तिकडे कोणी नातेवाईक वर्कशॉप चालवत असतील तर त्यांना आमचा हिशेब पाठवू नका.

जाळावं की परत द्यावं?

हा प्रश्न आमच्या मुलीनं विचारला आणि तो रास्त आहे. जुनं ऑइल खराब होत नाही, फक्त मळतं. ते पुन्हा शुद्ध करून नवीन मोटर ऑइल करता येतं. पर्यावरण खात्याच्या आकड्यांप्रमाणे अडीच क्वार्ट मोटर ऑइल मिळवायला ४२ गॅलन कच्चं तेल लागतं. तितकंच ऑइल एक गॅलन जुन्या ऑइलमधून निघतं. जाळलं की ते एकदाच कामाला येतं, शुद्ध केलं तर पुन्हा पुन्हा. म्हणून जिथे गोळा करून शुद्धीकरणाला पाठवायची चांगली सोय आहे तिथे परत देणं बरं. जिथे त्यावाचून प्रोपेन जाळावंच लागणार, तिथे लागेल तेवढं जाळावं आणि उरलेलं द्यावं. आमचे स्नेही तेच करतात. भारतातही आता वारं याच दिशेला आहे. १ एप्रिल २०२४ पासून तिथे ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. पुण्याकडे भावाचं वर्कशॉप असेल तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

घरी मात्र नाही

हे बर्नर धंद्याच्या जागेसाठी बनवलेले आणि तपासलेले असतात. त्यांच्यावर यूएल २९६ए या मानकाची खूण बघावी आणि ते एन.एफ.पी.ए. ३१ या नियमांप्रमाणे जाणकाराकडून बसवून घ्यावेत. घरासाठी ते नाहीत. पिंपाच्या घरगुती शेगडीत तर ऑइल थेंबथेंब पडत राहतं, ज्योतीवर नजर ठेवणारा डोळा नसतो, पुरवठा आपोआप बंद होत नाही. वर बेडरूम, खाली अशी शेगडी, हे आम्हाला विचारातही सहन होत नाही. विम्याची कंपनी अशा आगीचे पैसे देताना काय काय विचारेल तेही मनात आणून बघा.

तेव्हा गराजमधले ते जग झाकण घट्ट लावून गाड्यांच्या पार्ट्‌सच्या दुकानात न्या. बरीच दुकानं ते फुकट घेतात, काउंटीच्या केंद्रातही घेतात. त्यात दुसरं काही मिसळू नका, नाहीतर ते घेणार नाहीत. गटारात किंवा मागच्या अंगणात तर ओतूच नका. एका गाडीच्या ऑइलनं दहा लाख गॅलन गोडं पाणी नासू शकतं.

आणि पुढच्या वेळी एखादे उत्साही स्नेही फोनवर व्हिडिओ दाखवून "करू या का आपण पण?" म्हणाले, तर वाद घालत बसू नका. आधी हा अंक त्यांच्या हातात द्या, आणि तरीही ऐकलं नाही तर आमच्याकडे पाठवा.