आभाळातला रेडिओ आणि आपला रेडिओ

दोस्तांनो, गाडीने पुण्याहून कोल्हापूरला गेलायत कधी? पुण्यात एफएमवर गाणं कसं खणखणीत लागलेलं असतं! मग कात्रजचा घाट मागे पडतो, पुढे खंबाटकी येतो आणि ऐन कडव्यात गाणं खरखरायला लागतं. बाबा बटण पिळत बसतात, अन् आई वैतागून म्हणते, "अहो, बंद करा ना ते!"

असं का होतं, ठाऊक आहे? एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. शिवाय पृथ्वी गोल! त्यामुळे दूर गेलं की प्रक्षेपणाचा मनोराच क्षितिजाखाली बुडतो. मीडियम वेव्हच्या, म्हणजे मध्यम लहरी मात्र जमिनीला धरून बऱ्याच लांब जातात. रात्री तर त्या वातावरणातल्या आयनांबर नावाच्या थरावरून परत फिरतात आणि शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. पण त्यांना खरखरीचा भारी त्रास. आभाळात वीज कडाडली किंवा घरात मिक्सर सुरू झाला की रेडिओ कुरकुरलाच म्हणून समजा.

मग मनोराच खूप उंच बांधला तर? किती उंच? चक्क ३५,८०० किलोमीटर! हसू नका. उपग्रह रेडिओ म्हणजे हेच. विषुववृत्ताच्या वर एवढ्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या वेगानेच तिच्याभोवती फिरतो. त्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा असतो. त्याला ना घाट आडवा येतो, ना क्षितिज.

ही कल्पना एका माणसाने अगदी मनावर घेतली. त्याचं नाव नोआ समारा. तो मूळचा इथिओपियाचा. आफ्रिकेत एड्सची साथ पसरत होती, पण त्यापासून कसं वाचायचं ही माहितीच खेड्यापाड्यांत पोचत नव्हती. ती आकाशातून पोचवता येईल, असं त्याला वाटलं. १९९० मध्ये त्याने 'वर्ल्डस्पेस' ही कंपनी काढली. १९९८ मध्ये आफ्रिकेसाठी 'अ‍ॅफ्रिस्टार' आणि २००० मध्ये आशियासाठी 'एशियास्टार' हा उपग्रह आकाशात गेला.

हा एशियास्टार १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. म्हणजे महाराष्ट्रातून पाहिलं तर आग्नेयेकडे, साधारण निम्म्या आभाळावर. तिकडे तोंड करून एक छोटीशी अँटेना खिडकीत ठेवायची, की झालं! मुंबई असो की गडचिरोली, आवाज सारखाच स्वच्छ. चाळीसच्या आसपास वाहिन्या. 'गंधर्व' वाहिनीवर तर दिवसभर हिंदुस्तानी शास्त्रीय संगीत! आपल्या आवडीच्या कार्यक्रमासाठी घड्याळाकडे बघत बसायला नको.

एक हिशेब करून बघा. गाणं जमिनीवरून उपग्रहाकडे जातं आणि परत खाली येतं. म्हणजे ७० हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. लहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. किती वेळ लागेल? जेमतेम पाव सेकंद!

मग असा झकास रेडिओ घरोघरी का नाही गेला?

कारण तो महाग होता. त्याचा वेगळा संच घ्यायचा, वर दरवर्षी वर्गणी भरायची. ज्या गरिबांसाठी हे सगळं मनात आलं होतं, त्यांनाच ते परवडेना. कंपनीच्या पैशांचाही मेळ बसला नाही. ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली. लोकांचे संच बिघडले नव्हते, घरात वीजही होती. पण वरून येणारं गाणंच थांबलं! अमेरिकेत मात्र गाडीत बसवलेला उपग्रह रेडिओ चांगला रुजला. तिथे मैलोन् मैल गाडी चालवणारे लोक त्यासाठी दरमहा पैसे भरतात.

आणि आपला साधा रेडिओ? त्याच्यासाठीही एकेकाळी पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. आजोबांना विचारा, सांगतील! १९८०च्या दशकात तो परवाना गेला आणि ऐकणं फुकट झालं. एवढासा संच, दोन सेल, बस्स. आणि मुख्य म्हणजे तो आपल्या भागाचा असतो. अर्ध्या आशियाशी एकदम बोलणारा उपग्रह रत्नागिरीच्या कोळीदादाला "आज होडी समुद्रात घालू नका" असं थोडाच सांगणार? ते काम जवळच्या आकाशवाणी केंद्राचं.

बरं, गंमत ऐका. आकाशवाणीसुद्धा उपग्रह वापरते. अनेक कार्यक्रम उपग्रहामार्फतच एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रांकडे जातात आणि तिथल्या मनोऱ्यावरून तुमच्या घरी येतात. म्हणजे दोघांचं भांडण नाहीच मुळी!

आज मोबाइलवर जगभरची गाणी मिळतात, मग रेडिओ कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण वादळात मोबाइलचा मनोरा बंद पडला तर? दूरच्या केंद्रावरची बातमी तेव्हा सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टरच ऐकवू शकतो. घरात एक असलेला बरा, काय आई-बाबा?

आणि हो, त्यावर एक प्रयोग करा. मीडियम वेव्हवर दुपारी किती केंद्रं लागतात ते वहीत लिहा. रात्री नऊ वाजता पुन्हा मोजा. संच हळूहळू गोल फिरवून बघा. आवाज कमी-जास्त होतो की नाही? रात्री नवी केंद्रं सापडली, तर ती कुठून आली ते आता तुम्हाला ठाऊक आहेच!