दोन न्यायाधिकरणे, एकच सदस्य

1942 ते 1946 या काळात पूज्य बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. त्यांच्या अनुयायांना कामगार कायद्याची जाण असलीच पाहिजे. आज आपली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात जातात, म्हणून तेथील व्यवस्थेची ही ओळख.

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेने एकाहून अधिक राज्यांत पसरणारे औद्योगिक तंटे सलोख्याने व लवादाने मिटविण्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला दिला. राज्यांतर्गत तंटे राज्यांच्या न्यायाधिकरणांकडे राहिले. परिणामी एकाच कारखान्यातील काही कामगार केंद्राच्या, तर काही राज्याच्या निवाड्याखाली येत.

ही दरी कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे दुहेरी नेमणूक. 2009 च्या फेअर वर्क कायद्यानुसार राज्य न्यायाधिकरणाचा सदस्य केंद्रीय आयोगाचा उपाध्यक्ष किंवा आयुक्त होऊ शकतो. 2010 पासून बहुतेक राज्यांतील खाजगी नोकऱ्या केंद्रीय कायद्याखाली आल्या व राज्यांकडील काम घटले. अशा वेळी अनुभवी सदस्याचा उपयोग दोन्हीकडे होतो.

मात्र माणूस एक असला तरी अधिकार एक होत नाहीत. ज्या आसनावर तो बसला असेल, त्याच कायद्याने त्याला निर्णय द्यावा लागतो. म्हणून आपला मालक कोण, राज्य सरकार की खाजगी कंपनी, हे कामगाराने आधी पाहावे. अन्यायाने कामावरून काढल्यास केंद्रीय आयोगाकडे 21 दिवसांत अर्ज करावा लागतो. चुकीच्या दारात थांबल्यास ही मुदत निघून जाते. हक्क कायद्यात असून भागत नाही. तो कोठे मागायचा, हेही ठाऊक हवे.